‘ड्रॅक्युला’चे विडंबन कानांसाठी : अर्ध्या तासाचे विनोदी नभोनाट्य लिहिण्याची आणि ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत

गॉथिक कादंबरीचे, म्हणजे जुने किल्ले आणि गूढ भय यांवर उभ्या असलेल्या कादंबरीचे, विडंबन नभोनाट्याच्या रूपात करायचे असेल, तर ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’इतका सोयीचा मूळ ग्रंथ दुसरा नाही, असे माझे मत आहे. १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी कोणा एका निवेदकाने सांगितलेली नाही. रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे, जहाजाच्या नोंदी आणि फोनोग्राफवर मुद्रित केलेले टिपण यांची ती जुळणी आहे. म्हणजे ती मुळातच वेगवेगळ्या आवाजांत विभागलेली आहे. ऑर्सन वेल्स यांनी ११ जुलै १९३८ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘मर्क्युरी थिएटर’ची मालिका सुरू केली, तेव्हा पहिल्या भागासाठी हीच कादंबरी घेतली आणि काउंट ड्रॅक्युला व डॉक्टर सेवर्ड या दोन्ही भूमिका स्वतःच केल्या. ते रूपांतर गंभीर होते. पण ज्या गुणांमुळे ते नभोवाणीवर उभे राहिले, तेच गुण विनोदालाही उपयोगी पडतात.

पुढील विवेचन चारपाच जणांचा गट, एक बरा मायक्रोफोन आणि एक शांत खोली गृहीत धरून केले आहे. सर्व पायऱ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे, तो आधीच सांगतो. भय खरे राहिले पाहिजे. विडंबनकाराने भयाचीच टर उडवली, तर श्रोत्याला किल्लाही दिसत नाही आणि हसायलाही काही उरत नाही.

हक्कांची खातरजमा

स्टोकर यांचे निधन १९१२ साली झाले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे मूळ इंग्रजी कादंबरी आता सर्वांना खुली आहे. मात्र अलीकडच्या मराठी अनुवादाची वाक्ये त्या अनुवादकाची असतात आणि चित्रपटांतील संवाद, संगीत वा नव्याने घातलेले प्रसंग त्या त्या निर्मात्यांचे असतात. म्हणून काम मूळ ग्रंथावरूनच करावे. हक्क शाबूत असताना परवानगीविना केलेल्या रूपांतराचे काय होऊ शकते, हे १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने दाखवून दिले आहे. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

पेन्सिल हातात घेऊन वाचन

चित्रपटांतून झालेली ओळख बाजूला ठेवून कादंबरीची पहिली चार प्रकरणे सावकाश वाचावीत. जोनाथन हार्कर हा नुकताच सॉलिसिटर झालेला तरुण ट्रान्सिल्व्हेनियातील किल्ल्यावर घरखरेदीच्या कागदपत्रांसाठी जातो, हा भाग या चार प्रकरणांत संपूर्ण येतो. वाचताना जिथे भयाच्या शेजारी एखादी घरगुती किंवा दफ्तरी बाब येते, तिथे खूण करावी. अशा जागा आश्चर्य वाटावे इतक्या सापडतात. प्रवासात पॅप्रिका घातलेली कोंबडी खाल्ल्यावर हार्कर आपल्या वाग्दत्त वधूसाठी, मीनासाठी, पाककृती मिळवण्याची नोंद करतो. काउंट सोफ्यावर पडून इंग्लंडमधील रेल्वेचे वेळापत्रक वाचत असतो. पाहुण्याला ओलीस ठेवल्यावर तो त्याच्याकडून तीन पत्रे आगाऊ लिहून घेतो आणि त्यांवर १२, १९ व २९ जून अशा तारखा घालायला लावतो. आरशात त्याचे प्रतिबिंब दिसत नाही. तेव्हा तो आरसा खिडकीबाहेर फेकून देतो आणि हार्कर रोजनिशीत लिहितो की आता दाढी कशी करायची, हा प्रश्नच आहे.

या सर्व खुणांमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी जागा. किल्ल्यात नोकर नाहीत. काउंट स्वतः अंथरूण घालताना हार्करला दिसतो, पुढे दाराच्या फटीतून मेज मांडतानाही दिसतो, आणि त्यावरून त्याला उमगते की खिंडीतून आपल्याला घेऊन आलेला गाडीवानही काउंटच असला पाहिजे. स्टोकर यांनी हा प्रसंग भय वाढवण्यासाठी योजला आहे आणि तो अंगावर येतो. पण शतकानुशतकांचा कुलाभिमान बाळगणारा एक सरदार पाहुण्याला कळू न देता चादरीच्या घड्या घालतो आहे, हे चित्र विडंबनकाराने सोडू नये.

एकच सूत्र निवडणे

नवख्या लेखकाची ओढ सगळ्या खुणा एका भागात कोंबण्याकडे असते. ती आवरावी. अर्ध्या तासात एक सूत्र पुरते, आणि ते असे निवडावे की जे फक्त कानांनीच पूर्ण समजेल. वरच्या प्रसंगातून असे सूत्र आयतेच हाती येते : आपल्याकडे नोकर नाहीत हे काउंटला पाहुण्याला कळू द्यायचे नाही, म्हणून गाडीवान, द्वारपाल, आचारी आणि खोलीवरचा गडी या सर्वांचे आवाज तो स्वतः काढतो. रंगमंचावर हा प्रकार पहिल्या मिनिटालाच उघड होईल. नभोवाणीवर मात्र एकच नट चार भूमिका करतो ही नित्याची गोष्ट असल्याने, ही नटाची कसरत आहे की पात्राची, हे श्रोत्याला बराच वेळ ठरवता येत नाही. माध्यमाची रूढीच इथे कथेचा भाग होते.

दोन कडक नियम आखून घ्यावेत. पहिला, दोन नोकरांचे आवाज कधीही एकाच वेळी ऐकू येऊ नयेत. दुसरा, हार्करने संशय घेऊ नये. त्याने प्रत्येक विसंगतीचे सभ्य स्पष्टीकरण शोधावे. त्याचे सौजन्य हीच विनोदाची खरी शक्ती आहे. तो मूर्ख नाही. यजमानाच्या घरी शंका घेणे असभ्यपणाचे, असे मानणारा तो त्या काळचा इंग्रज आहे.

कादंबरीत पुढे येणारे व्हिटबीचे बंदर, मीनाची मैत्रीण लूसी, वेड्यांच्या इस्पितळातील रेनफिल्डच्या माश्या आणि काउंटचा माग काढणारे प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग यांना या भागात जागा नाही. त्यांचा मोह पडतोच. व्हॅन हेल्सिंगची तातडीची तार पत्त्यात परगण्याचे नाव नसल्यामुळे बावीस तास उशिरा पोहोचते, हा एकच प्रसंग स्वतंत्र भागाला पुरेल. लूसीला चार पुरुषांचे रक्त एकामागून एक दिले जाते तेही तसेच. रक्तगट जुळतात का, हे कोणी पाहत नाही, कारण रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी कादंबरीनंतर तीनचार वर्षांनी लावला. ही टिपणे पुढच्या भागांसाठी जपून ठेवावीत.

आराखडा आणि वेळ

अठ्ठावीस मिनिटांचे नाट्य धरल्यास उद्घोषणा आणि संगीताला दोन मिनिटे द्यावीत. बोर्गो खिंडीतील प्रवास आणि आगमन यांना पाच मिनिटे पुरतात. त्यांत विनोद जवळजवळ नसावा. श्रोत्याला आधी किल्ल्यावर नेऊन सोडावे लागते. त्यानंतर भोजन, अंथरूण, आरसा आणि तीन पत्रे असे चार प्रसंग घ्यावेत. प्रत्येक प्रसंगात काउंटवरचे ओझे वाढले पाहिजे : आधी एक नोकर, मग दोन, मग एक नोकर दुसऱ्याची तक्रार सांगतो, मग हार्कर सर्वांना एकत्र बक्षिसी देण्याचा हट्ट धरतो.

शेवटची पाच मिनिटे पुन्हा भयाची. कादंबरीत किल्ल्यात तीन स्त्रियाही आहेत. निरोप घेताना हार्कर म्हणतो, “आणि वरच्या मजल्यावर रात्री हसणाऱ्या दासींचेही आभार.” काउंट गप्प होतो. हा आवाज त्याने काढलेला नाही. इतका वेळ आपण ज्याला हसलो तो स्वतःच क्षणभर चपापला, हे श्रोत्याच्या लक्षात येते आणि किल्ला पुन्हा खरा होतो. हा क्षण लिहिल्याखेरीज बाकीचे प्रसंग लिहायला घेऊ नयेत. तो आधी पक्का असला, म्हणजे सर्व विनोद त्याच दिशेने वाहतात.

संथ मराठी संवादाला मिनिटाला सुमारे १२० शब्द लागतात, असा अंदाज धरून आणि ध्वनीसाठी जागा सोडून, संहिता २,८०० शब्दांच्या आसपास ठेवावी. तरीही घड्याळ लावून मोठ्याने वाचणे, हेच खरे मोजमाप.

भाषा

काउंटला सह्याद्रीत आणू नये. किल्ला कार्पेथियन पर्वतातच राहावा, दौलतही तिथलीच. स्थळ बदलले की विनोद स्थळबदलाचा होतो आणि मूळ ग्रंथ हातातून निसटतो. मराठीपण आणायचे ते भाषेच्या घाटात. आपल्याकडे ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या स्टोकर यांच्या आधीच लिहिल्या गेल्या होत्या. त्यांच्या गद्याची काही पाने मोठ्याने वाचली, तर हार्करच्या रोजनिशीसाठी हवा तो डौल कानांत बसतो : लांब वाक्ये, संस्कृतप्रचुर विशेषणे आणि अढळ सद्भावना. काउंटने कादंबरीत इंग्रजी भाषा पुस्तकांतून शिकलेली आहे आणि चुका दाखवाव्यात अशी विनंतीही तो हार्करला करतो. म्हणून मराठीत त्याची भाषा व्याकरणशुद्ध, अंमळ जास्तच नेमकी असावी. नोकरांची भाषा सैल ठेवावी, पण कोणत्याही एका प्रदेशाची वा जातीची बोली त्यांच्या तोंडी घालून हशा मिळवू नये. तो हशा या नाटकाचा नाही.

भोजनाच्या प्रसंगाचा एक तुकडा नमुन्यादाखल देतो.

ध्वनी : मोठी दगडी खोली. शेकोटी. दूरवर लांडगे.

हार्कर (रोजनिशी, माइकच्या अगदी जवळून) : पाच मे. यजमानांचे आदरातिथ्य वर्णनातीत आहे. या गृही सेवक उदंड असावेत. तथापि त्यांपैकी दोघे एकत्र असे अद्यापि दृष्टीस पडले नाहीत.

काउंट : आपण भोजन करावे, मिस्टर हार्कर. माझे झालेले आहे.

हार्कर : कोंबडी फारच रुचकर आहे. आपल्या आचाऱ्याला माझे धन्यवाद कळवाल का?

काउंट (किंचित थांबून) : आपणच सांगावे. मी त्याला पाठवतो.

ध्वनी : दूर जाणारी संथ, दमदार पावले. जड दार बंद होते. पावले धावू लागतात. जिना उतरतात. भांडे पडते. जिना चढतात. दुसरे दार उघडते.

आचारी (धापा टाकत) : काय हुकूम, साहेब?

हार्कर : कोंबडी उत्तम झाली आहे. फक्त लसूण किंचित कमी वाटला.

आचारी : लसूण या घरात आणत नाहीत, साहेब. चारशे वर्षांत आणलेला नाही.

हार्कर : इतकी वर्षे आपण इथे आहात?

आचारी (काउंटच्या आवाजात) : आमचे घराणे, मिस्टर हार्कर. (सावरून) म्हणजे, आमचं घराणं, साहेब.

हार्कर (रोजनिशी) : सेवकवर्ग एकनिष्ठ आहे. धन्याची वाणीही त्यांच्या मुखी बसली आहे.

या तुकड्यात सर्वांत मोठा हशा कोणत्याही वाक्याचा नाही. तो पावलांचा आहे. पहिल्या वेळी हा प्रवास सुमारे सात सेकंदांचा ठेवावा, दुसऱ्या वेळी बारा, आणि तिसऱ्या वेळी इतका लांबवावा की हार्करला मध्येच घसा साफ करावा लागेल. संहिता लिहितानाच प्रत्येक ध्वनिसंकेताला क्रमांक द्यावा आणि त्याची लांबी सेकंदांत लिहावी. “पावलांचा आवाज” एवढेच लिहून चालत नाही.

नटांची निवड

बीबीसीच्या ‘द गून शो’ने (१९५१ ते १९६०) या कामाचा वस्तुपाठच घालून दिला आहे. त्याचा मुख्य लेखक आणि नट स्पाइक मिलिगन याचा जन्म १९१८ साली आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, आणि त्याच्या बालपणातील काही वर्षे पुण्यात गेली. मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सिकोम हे तिघे डझनावारी पात्रे उभी करत. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. १९५४ च्या ‘द कॅनॉल’ या भागात त्यांनी व्हॅलेंटाइन डायल यांना पाहुणे नट म्हणून बोलावले. डायल हे बीबीसीच्या भयमालिकेतील ‘काळ्या वेषातील माणूस’ म्हणून श्रोत्यांना परिचित होते. त्यांच्याच गंभीर, खोल आवाजाने त्या भागाला वजन मिळाले. त्यांना विनोदी बोलायला लावलेले नाही.

तेव्हा काउंटसाठी विनोदी नट शोधू नये. ज्याचा आवाज अंधारात ऐकला तर आपण दार लावून घेऊ, असा नट शोधावा आणि मग त्याला आचारी व गडी करता येतात का, ते पाहावे. हार्करसाठी स्वच्छ, तरुण, श्रद्धाळू आवाज हवा. उद्घोषक हा तिसरा. तीन स्त्रियांचे हसणे एकाच अभिनेत्रीने तीन वेळा मुद्रित केले तरी चालते.

प्रतिबिंबाच्या जागी प्रतिध्वनी

आरशाचा प्रसंग डोळ्यांचा आहे, आणि तो कानांसाठी कसा करावा यावर बरेच जण अडतात. पात्राने “अरे, तुमचे प्रतिबिंब दिसत नाही!” असे म्हणणे हा सर्वांत दुबळा उपाय. माझ्या मते इथे ध्वनीचाच नियम बनवावा : दगडी दालनात हार्करच्या प्रत्येक शब्दाला प्रतिध्वनी आहे, काउंटच्या शब्दांना नाही. हे कोणीही बोलून दाखवू नये. श्रोत्याला सुरुवातीपासून काहीतरी खटकत राहते. त्याच खोलीत उभा असलेला हा माणूस अंगालगत बोलल्यासारखा का वाटतो, हे त्याला कळत नाही. मग आचारी येतो, गडी येतो, आणि त्यांच्याही आवाजाला प्रतिध्वनी नसतो. जे सावधपणे ऐकतात त्यांना उलगडा आधी होतो, इतरांना तो दाढीच्या प्रसंगात होतो. भय आणि विनोद यांचे मूळ इथे एकच होते, म्हणून ही युक्ती मला फार प्रिय आहे.

यासाठी सर्व संवाद कोरड्या खोलीत, प्रतिध्वनीशिवाय मुद्रित करावे लागतात आणि संकलनात फक्त हार्करच्या आवाजावर मोठ्या दालनाचा प्रतिध्वनी चढवावा लागतो. पावले आणि दारे यांनाही तो द्यावा. काउंटच्या पावलांना मात्र नाही. रोजनिशीचा आवाज वेगळाच हवा : ओठांजवळचा, कोरडा, खाजगी. नाहीतर हार्कर केव्हा लिहितो आणि केव्हा बोलतो, ते कळणार नाही.

ध्वनी तयार करणे

शक्य तेवढे आवाज हाताने करावेत, कारण संवादाच्या लयीशी ते जुळवता येतात. घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या हा नभोवाणीचा जुना उपाय आहे. त्या वाळूच्या परातीत आणि नंतर फरशीवर आपटल्या की खिंडीतून अंगणात आल्याचे कळते. कुरकुरीत पारदर्शक कागद मुठीत हळू चुरगळला तर शेकोटी होते. पातळ पत्रा हलवला की मेघगर्जना, आणि चामड्याचे हातमोजे फडफडवले की वटवाघूळ. दारासाठी गंजलेली बिजागरी शोधावी. ती सापडली की तिला तेल घालू देऊ नये. लांडगे मात्र गटातील माणसांनीच काढावेत आणि संकलनात त्यांचा स्वर थोडा खाली आणावा. तयार ध्वनिसंग्रहातील लांडगे अनेकदा ऐकलेले असतात.

बीबीसीने १९५८ साली रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केले, तेव्हा ‘गून शो’मधील मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातील खळबळीसाठी तिथे खास ध्वनी घडवला गेला. एका हशासाठी एवढी मेहनत घेणे योग्यच होते. आपल्या नाटकात ती मेहनत काउंटच्या धावण्यावर घ्यावी : थांबण्याआधीची घसरण, झग्याची सळसळ, दार उघडण्यापूर्वीचा एक खोल श्वास.

तालीम आणि मुद्रण

पहिली तालीम बसून, संपूर्ण गांभीर्याने, भयनाट्य समजूनच करावी. कोणीही विनोद “मारू” नये. दुसऱ्या तालमीत पावलांचे ध्वनी जोडावेत आणि नटांना त्या शांततेत थांबण्याची सवय लावावी. बहुतेक नट घाईने पुढचे वाक्य घेतात.

मुद्रणासाठी खोलीच्या भिंतींना गोधड्या लावाव्यात, पंखा बंद ठेवावा आणि फ्रिजची वायर काढून ठेवावी. नटाचे तोंड माइकपासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित तिरपे असावे. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. कामाच्या शेवटी रिकाम्या खोलीची एक मिनिटभर शांतता मुद्रित करावी. तुकडे जोडताना ती हमखास लागते. श्रोत्यांसमोर मुद्रण करणे शक्य असेल तर जरूर करावे, ‘गून शो’ही तसाच होत असे. शक्य नसेल तर बाहेरून आणलेला हशा मात्र चिकटवू नये. तो किल्ल्यातील एकांत मोडतो.

संकलन आणि चाचणी

संकलनात आधी फक्त संवाद जुळवावेत, मग पावले व दारे, मग प्रतिध्वनी आणि शेवटी संगीत. संगीत कमीत कमी असावे आणि विनोदाच्या क्षणी अजिबात नसावे. पॉडकास्टसाठी एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानांना जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास ठेवावी. कुजबूज आणि गर्जना यांतले अंतर लोकलच्या गर्दीत कानांत यंत्र घालून ऐकणाऱ्यालाही पेलेल इतके असावे; त्यासाठी एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर पूर्ण भाग ऐकावा.

नंतर कादंबरी न वाचलेल्या तिघाचौघांना दिवे मालवून भाग ऐकवावा आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून बसावे. संपल्यावर दोनच प्रश्न विचारावेत : नोकर कोण, हे केव्हा कळले, आणि शेवटचे हसणे कोणाचे वाटले. पहिल्याचे उत्तर भोजनाच्या आधीचे आले, तर द्वारपालाचा आवाज काउंटच्या फार जवळचा झाला आहे. तो पुन्हा मुद्रित करावा. दाढीच्या प्रसंगानंतरही कोणाला कळले नसेल, तर हार्करवरचा प्रतिध्वनी थोडा वाढवावा, संवादात खुलासा घालू नये. शेवटच्या हसण्याबद्दल कोणी “काउंटनेच काढले असेल” असे म्हटले, तर काउंटची शांतता अपुरी पडली आहे. तिथे आणखी तीन सेकंद द्यावेत आणि त्या तीन सेकंदांत शेकोटीचाही आवाज बंद करावा.